खुमेंद्र परदेशात असल्याचा पुरावा

खुमेंद्र बिसेन परदेशी शिकायला निघाला तेव्हा पळसटोल्याने त्याचा सत्कार केला आणि सत्कारात त्याला तीन स्वेटर, दोन मफलर, एक कानटोपी आणि एक घोंगडी दिली. ही कल्पना चुन्नीलाल गुरुजींची. गुरुजींनी गावच्या शाळेत पस्तीस वर्षं भूगोल शिकवला होता, आणि निवृत्तीनंतर त्या भूगोलातलं जे काही त्यांच्याजवळ शिल्लक होतं त्यात पहिली गोष्ट ही, की परदेश थंड असतो.

"बाहेर देशात बर्फ पडते. पोरगं गारठून जाईन," गुरुजींनी भाषणात सांगितलं.

खुमेंद्रने जरा चाचरत सांगून पाहिलं, की तो फिलिपीन्सला चाललाय, आणि तिथे आपल्या गोंदियासारखंच ऊन असतं, उलट काकणभर जास्तच. गुरुजी माईकवरच हसले. ज्याला आपण बोट धरून नकाशा दाखवला, ते पोरगं आता आपल्याला भूगोल शिकवतंय, याचं कौतुक त्या हसण्यात होतं.

"गोंदियासारखंच असते, तं मंग कायले जाऊन राहिला, बाबू?"

या प्रश्नाला उत्तर होतं, पण ते लांब होतं. त्यात धानाच्या वाणांवरची एम.एस्सी. होती, शिष्यवृत्ती होती, आठवडाभर पुरात बुडूनही न कुजणाऱ्या धानाचा शोध होता. मांडवात जिलेबी वाटली जात असताना एवढं लांब उत्तर कोणी ऐकत नाही. शेवटी विमानाला चालणाऱ्या वीस किलोंपैकी सात किलो लोकरच झाली, आणि माय गिरजाबाईने दिलेला लाखोळीच्या डाळीचा डबा घरीच राहिला.

ही २००८ सालच्या जूनमधली गोष्ट. तिकडे विमानतळाचं दार उघडल्याबरोबर खुमेंद्रच्या तोंडावर जी वाफ आली, ती भाताच्या गंजावरचं झाकण काढल्यावर येते तशी होती. मग तीन तास बस, आणि शेवटी त्याचं विद्यापीठ. मागे डोंगर, पुढे धानाच्या बांध्या, बांध्यांत चिखल, चिखलात म्हशी. म्हशींच्या पाठीवर बगळे. जेवायला सकाळी भात, दुपारी भात, संध्याकाळी भात, त्यावर सुकी मासोळी. परक्या मुलखात माणसाला घरच्या आठवणीने रडू येतं म्हणतात. खुमेंद्रला रडू आलं ते वेगळ्या कारणाने. एवढ्या लांब येऊन, विमानात दोनदा ओकून, तो जिथून निघाला होता तिथेच पोचला होता.

त्याने एका विधवा बाईंच्या घरी खोली घेतली. नाव नेना. खुमेंद्र त्यांना मनातल्या मनात नेनामावशी म्हणायचा. मावशींचं इंग्रजी मोडकं होतं आणि त्याचंही, त्यामुळे दोघांचं छान जमलं. महिनाभरात दमट हवेने स्वेटरांना बुरशी आली. मावशींनी ते रस्त्याकडच्या दोरीवर वाळत घातले, तेव्हा येणारी-जाणारी माणसं थांबून पाहून गेली. लोकर जवळून पाहायचा त्यातल्या बऱ्याच जणांचा पहिलाच प्रसंग होता.

जुलैअखेर त्याने पहिला फोटो घरी पाठवला. म्हणजे गोंदियाजवळच्या गोरेगावच्या सायबर कॅफेत पाठवला. तिथे कॉलेजात शिकणाऱ्या त्याच्या बहिणीने, रिंकीने, तो छापून घेतला आणि बसने पळसटोल्याला नेला. फोटोत खुमेंद्र शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, ताठ उभा होता. मागे हिरवं धान, धानामागे म्हैस, म्हशीमागे डोंगर. खुमेंद्रचे बाबूजी, नत्थूलाल, फोटो शर्टाच्या खिशात घालून केवलरामच्या चहाटपरीवर गेले. तिथल्या बाकाचं उजवं टोक वीस वर्षं त्यांचं होतं.

फोटो हातोहात फिरला. चुन्नीलाल गुरुजींनी तो चष्मा लावून पाहिला, मग चष्मा काढून पाहिला.

"नत्थूलालजी," ते सावकाश म्हणाले, "ही तं बाजूच्या बालाघाटाकडची बांधी होय."

गुरुजी वाईट माणूस नव्हते. खुमेंद्रच्या शाळेच्या फॉर्मवर त्यांनीच सही केली होती. पण परदेश गरम निघाला, तर तीन स्वेटरांचं काय करायचं, आणि पस्तीस वर्षांच्या भूगोलाचं काय? एका फोटोपायी माणसाने किती मोडीत काढावं यालाही मर्यादा आहे. शिवाय टपरीवर एकदा शंका निघाली की ती पोसायला दहा माणसं तयार असतात. कोणी म्हैस ओळखली. कोणी डोंगर ओळखला. केवलराम म्हणाला, त्या धुऱ्यावर तो स्वतः एकदा बसला होता.

रविवारी खुमेंद्रने फोन केला तेव्हा रिंकीने सरळच विचारलं.

"भाऊ, खरं सांग. तू आहेस कुठी?"

"म्हंजे? इथंच आहो, फिलिपीन्सले."

"गावात म्हणून राहिले, का तू नापास झाला अन् बालाघाटात कोनाच्या शेतावर राहून राहिला. बाबूजी चार दिवसांपासून टपरीवर नाही गेले."

मग बाबूजींनी फोन घेतला. त्यांनी एकच मागणं मागितलं. "एक फोटो पाठव, बाबू. पाहताबरोबर परदेश दिसला पाहिजे. मंग मी पाहतो एकेकाले."

हे काम किती अवघड आहे याची कल्पना फोन ठेवताना खुमेंद्रला नव्हती.

पुढच्या सुट्टीत तो बसने राजधानीच्या शहरात गेला. तीस मजली इमारतीसमोर उभा राहिला, एका वाटसरूला कॅमेरा दिला, फोटो काढून घेतला. येताना तिकडची ती रंगीत जीप दिसली, जिच्यात वीस माणसं समोरासमोर बसून गुडघ्याला गुडघा लावून जातात. तिच्या टपावर घोडे, कपाळावर आरसे, अंगभर चित्रं. असलं वाहन जगात दुसरीकडे नाही, असा विचार करून त्याने तिच्या पायरीवर पाय ठेवून दुसरा फोटो काढला.

पळसटोल्याचा निकाल पुढच्या रविवारी कळला. इमारत नागपूरची होती. जीप ही सडक अर्जुनी ते देवरी चालणारी काळीपिवळी होती, मालकाने नवा रंग दिला होता, आणि वीस माणसं कोंबण्याची पद्धत तर अगदी तीच होती.

"माय म्हणते," रिंकीने निरोप सांगितला, "गुरुजीचा आत्मा त्या स्वेटरात अडकला आहे. एक फोटो स्वेटर घालून पाठव. त्याईले बरं वाटन, अन् ते मानतील."

मायचं म्हणणं खुमेंद्रला पटलं. इथे चूक झाली. त्याने भर दुपारी निळा स्वेटर चढवला, मफलर गुंडाळला, कानटोपी ओढली, आणि शेजारच्या चार माणसांना बोलावून घरासमोर मधोमध उभा राहिला. फोटो निघेपर्यंत त्याच्या डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले. तेवढ्यात नेनामावशी बाजारातून आल्या. ज्या उन्हात कुत्रीसुद्धा सावली सोडत नाहीत त्या उन्हात लोकर पांघरून, घामाने निथळत, डगमगत उभा असलेला भाडेकरू पाहून त्यांनी जो अर्थ काढला तो कोणत्याही शहाण्या बाईने काढला असता. त्यांनी पिशवी टाकली, आधी त्याच्याशेजारी उभं राहून त्याला धरलं, त्यात आणखी एक फोटो निघाला, आणि मग थेट सरकारी दवाखान्यात नेलं. हिवताप!

दवाखान्यात त्याचं रक्त घेतलं. खुमेंद्र सांगत होता, की ताप नाही, गावात एक गुरुजी आहेत, त्यांना परदेश थंड वाटतो, म्हणून बाबूजी टपरीवर जात नाहीत, म्हणून हा स्वेटर. नर्सबाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि डॉक्टरांना म्हणाल्या, पेशंट बरळतो आहे. त्याला संध्याकाळपर्यंत निजवून ठेवलं. मावशी उशाशी बसून वारा घालत होत्या, त्यामुळे त्याला रागावताही येईना.

मावशींसोबतचा तोच फोटो जास्त चांगला आला होता, म्हणून त्याने तोच पाठवला. आता हे सांगायला पाहिजे, की अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावला तिबेटी लोकांचा कॅम्प आहे, आणि हिवाळा आला की तिथली मंडळी जिल्हाभर स्वेटर विकायला निघतात. फोटोत मधे स्वेटरवाला खुमेंद्र आणि दोन्ही बाजूंना मावशी व शेजारी, एवढं पाहिल्याबरोबर गुरुजींनी मांडीवर थाप मारली.

"हा स्वेटर मीच तं गोठणगाववाल्यापासून घेतला होता! पोरगं त्याईच्याच कॅम्पात आहे. दुकान लावून राहिलं, सोयाबीनचा सीजन गेला का गावात येईन."

पळसटोल्यात सोयाबीन होत नाही, पण टपरीवर कोणाच्या ते लक्षात आलं नाही. त्या आठवड्यात दोन बायकांनी गिरजाबाईला येऊन विचारलं, की यंदा लहान पोरांचे स्वेटर स्वस्तात मिळतील का.

मग नत्थूलालांनी सरकारी पुरावा आणायचं ठरवलं. ते तलाठ्याकडे गेले आणि मुलगा परदेशात असल्याचा दाखला मागितला. तलाठी कायद्याने चालणारा माणूस होता. तो म्हणाला, परदेश माझ्या साझ्यात येत नाही, त्यामुळे इसम परदेशात आहे असं मी लिहू शकत नाही. मात्र इसम गावात नाही, असं लिहू शकतो. नत्थूलालांना वाटलं, काहीतरी शिक्का तर मिळतो. पंचनामा झाला. पाच पंचांनी सह्या केल्या, त्यात चुन्नीलाल गुरुजींची सही सगळ्यांत मोठी होती. दाखल्याची एक प्रत नियमाप्रमाणे तहसिलीत गेली, तहसिलीतून पुरवठा शाखेत गेली, आणि पुढच्या महिन्यात रेशनकार्डावरून खुमेंद्रचं नाव कमी झालं. त्याबरोबर घरचं रॉकेलही कमी झालं. नंतर मतदार यादीतून नाव का काढू नये अशी नोटीस दाराला डकवून गेले. सरकारदरबारी खुमेंद्र आता परदेशातही नव्हता आणि गावातही नव्हता.

त्या रविवारी बाबूजी स्वतः बोलायला आले. आवाज नेहमीसारखा खणखणीत नव्हता.

"राहू दे, बाबू. आता फोटो-बिटो नको पाठवू. तू शिक. माहं काय आहे, मी आजकाल मागच्या रस्त्यानं बांधीत जातो. तो जवळ बी पडते."

मागचा रस्ता बोडीच्या तळ्याला वळसा घालून जातो आणि तो दुप्पट लांब आहे, हे खुमेंद्रला चांगलं ठाऊक होतं. टपरी टाळायची तर दुसरा रस्ताच नाही. बाप आपल्यामुळे चोरासारखा बोडीमागून जात होता. फोन परत रिंकीकडे गेला तेव्हा ती कुजबुजत म्हणाली, "भाऊ, आठवून पाय ना. तेथी असं काहीच नाही का, जे आपल्याकडं होतच नाही?"

होतं. एक होतं.

जुलैत प्रॅक्टिकल झालं तेव्हा प्राध्यापकांनी साऱ्या विद्यार्थ्यांना चिखलात उतरवून रोवणा, म्हणजे धानाची लावणी, करायला लावली होती. शेजारच्या गावातले शेतकरी मदतीला आले होते. सगळे बाप्ये. ओळीने वाकून, मागे मागे सरकत, रोप खोवत चालले होते, आणि दोमिंग नावाचा एक म्हातारा धुऱ्यावर खुर्ची टाकून त्यांच्यासाठी गिटार वाजवत होता. त्यांना त्यात काही विशेष वाटत नव्हतं. खुमेंद्रला मात्र धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. पळसटोल्यात पुरुष नांगर धरतो, चिखल करतो, पऱ्ह्यांच्या, म्हणजे रोपांच्या, जुड्या वाहतो, आणि मग धुऱ्यावर छत्री घेऊन उभा राहतो व बायांना हात चालवा म्हणतो. रोवणा बाया लावतात. सेवकरामने बायको आजारी असताना एकदा अर्धी बांधी लावली होती. त्याला बारा वर्षं झाली, अजून गाव त्याला सेवकीबाई म्हणतं. बिसेनांच्या सोळा एकरांत तर कोणा पुरुषाची कंबर वाकल्याची आठवण नव्हती.

आणि नेनामावशींच्या भाच्याने नेमका तोच फोटो काढला होता. अकरा पुरुष वाकलेले, मधे खुमेंद्र, पँट मांडीपर्यंत दुमडलेली, ढुंगण आभाळाकडे, मान वळवून कॅमेऱ्याकडे पाहत केविलवाणा हसतो आहे, आणि मागे धुऱ्यावर गिटार घेऊन दोमिंग. हा फोटो खोडायला त्याने दोनदा बोट ठेवलं होतं. धुऱ्यावरचा ताठ फोटो त्याने मुद्दाम नंतर काढून घेतला होता.

दोन दिवस त्याने विचार केला. एका पारड्यात त्याचं जन्माचं नाव होतं, दुसऱ्यात बाबूजींच्या बाकाचं टोक. तिसऱ्या दिवशी त्याने डोळे मिटून फोटो पाठवला. खाली लिहिलं, 'फक्त बाबूजींना दाखव. दुसऱ्या कोणालाच नको.'

रिंकीने तो गोरेगावच्या स्टुडिओतून भिंतीवरच्या कॅलेंडरएवढा मोठा करून आणला आणि सगळ्यांत आधी मायला दाखवला.

गिरजाबाई आधी खो खो हसली. मग हसणं थांबलं आणि ती बराच वेळ फोटोकडे पाहत राहिली. मग तिने हात धुतले, पदर खोचला, फोटो उचलला आणि रिंकीला घेऊन समोरच्या रस्त्याने थेट केवलरामच्या टपरीवर गेली. टपरीवर बाई येणं हीच पळसटोल्यात बातमी होती. केवलराम चहा गाळायचा थांबला. गिरजाबाईने फोटो गुरुजींच्या पुढ्यात बाकावर ठेवला.

"गुरुजी, तुमी भूगोल शिकवला. आता सांगा. गोंदियात, बालाघाटात, छत्तीसगडात, गोठणगावच्या कॅम्पात, कोठी बाप्ये रोवना लावते?"

गुरुजींनी चष्मा लावून पाहिलं. चष्मा काढून पाहिलं. अकरा माणसं मोजली. पुन्हा चष्मा लावला.

"आपल्याकडं नाही लावत," ते म्हणाले.

"मंग हा कोनता मुलूख होय?"

गुरुजींनी फोटो खाली ठेवला. "परदेश," ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात खरोखरच दरारा होता. "हा परदेशच होय. अन् लय दूरचा होय."

"अन् हा बाबा बाजा कायले वाजवून राहिला?" केवलरामने विचारलं.

"वाकनाऱ्याले काम हलकं वाटावं म्हनून," रिंकी म्हणाली.

शेतावरून परतणाऱ्या चार बाया तोवर मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांतली एक म्हणाली, "आमच्यासाठी कोनी थाळी बी नाही वाजवली, वो." टपरीवरचे पुरुष आपापल्या चहात पाहायला लागले.

दुसऱ्या दिवशी नत्थूलाल समोरच्या रस्त्याने गेले आणि बाकाच्या उजव्या टोकावर बसले. गावाने खुमेंद्रला खुमेंद्राबाई हे नाव ठेवलं ते ठेवलंच, पण परदेशातली खुमेंद्राबाई. त्यावर नत्थूलालांची तक्रार नव्हती. सेवकराम तर त्या आठवड्यात छाती काढून फिरत होता.

रविवारी फोन गिरजाबाईने घेतला. ती एरवी 'जेवला का' एवढंच विचारून फोन देऊन टाकायची. या वेळी तिने विचारलं, "कंबर दुखली का, बाबू?"

"लय दुखली, माय. दोन दिवस सरळ नाही होता आलं."

"तीस वर्सं झाली मले रोवना लावून," ती म्हणाली. "या घरात मले हे कोनी नाही पुसलं. म्हनून म्या तुले पुसलं."

पाण्याखाली धान किती दिवस तग धरतं याचे तक्ते खुमेंद्रच्या टेबलावर पडले होते. मायची कंबर कितव्या दिवशी दुखते हे त्याने आयुष्यात एकदाही विचारलं नव्हतं. त्याला स्वतःची लाज वाटली, आणि ती लाज फोटोपेक्षा कितीतरी मोठी होती.

२०१०च्या जुलैत तो परत आला. तिसऱ्याच दिवशी पँट दुमडून बायांच्या ओळीत मायशेजारी चिखलात उतरला. बायांनी आधी टाळ्या पिटल्या, मग त्याच्या हाताचा वेग पाहून त्याला कडेला सारलं. नत्थूलाल रिवाजाप्रमाणे धुऱ्यावर छत्री घेऊन उभे होते. चुन्नीलाल गुरुजी रस्त्यावरून पाहत होते.

"हात चालवा, हात चालवा," नत्थूलाल म्हणाले.

गिरजाबाईने कमरेवर हात ठेवून पाठ सरळ केली. "अजी, तुमचा पोरगा परदेशातून आला. तुमी कोठून आले?"

नत्थूलालांनी रस्त्याकडे पाहिलं. मग छत्री मिटली, चपला काढल्या, धोतर वर खोचलं आणि बांधीत उतरले. गुरुजींना काय वाटलं कोण जाणे, ते घरी जाऊन आपला ट्रान्झिस्टर घेऊन आले आणि धुऱ्यावर बसून त्याचा कान पिळायला लागले. नत्थूलालांची पहिली ओळ पुरी झाली तेव्हा गिरजाबाईने वळून पाहिलं.

"वाकडी आहे," ती म्हणाली. "उपटा अन् परत लावा." त्यांनी उपटली आणि परत लावली. रिंकीने धुऱ्यावरून साऱ्यांचा फोटो काढला.

तो फोटो पुढच्या आठवड्यात कामाला आला. रेशनकार्डावर नाव परत चढवायचं, तर इसम गावात राहत असल्याचा पुरावा पाहिजे, असं तलाठ्याने सांगितलं. खुमेंद्रने फोटो पुढे केला. त्यात तो स्वतः, माय, बाबूजी, आपली बांधी, आपला धुरा, धुऱ्यावर गावचे गुरुजी. तलाठ्याने फोटो उजेडात धरला, वाकलेल्या दोन्ही बाप्यांवर बोट ठेवलं आणि मान हलवत परत दिला.

"हा चालत नाही," तो म्हणाला. "हा परदेशातला फोटो आहे."